फास्ट मेमरीचे सात हजार

कंग्राळीत कुणाला लॅपटॉप घ्यायचा असला की घरात आधी चौकशी होते ती भरमाच्या सुट्टीची. भरमा मोकळा आहे का, रविवारी येतो का, सकाळी येतो की जेवून. त्याच्याशिवाय दुकानाची पायरी चढायची नाही, असा गावाचा दंडकच आहे. पोरगं कितीही शिकलेलं असो, मोबाईलवर वीस व्हिडिओ बघून त्यानं मॉडेल पक्कं केलेलं असो, बाप म्हणणार, "आधी भरमाला दाव."

ही चाल लॅपटॉपच्या कितीतरी आधीची. भरमाचा बाप नागोजी बैलांचा माहितगार होता. बाजारात बैल घ्यायला निघालेला माणूस नागोजीला बरोबर न्यायचा. नागोजी दात बघायचा, खूर उचलून बघायचा, बैलाला दहा पावलं चालवायचा आणि मग मान हलवायचा. बाजारातले हेडी, म्हणजे जनावरांचे दलाल, दोन्हीकडून घ्यायचे आणि नागोजी कुणाकडूनच घ्यायचा नाही. चहा, पान आणि बैल दारात आल्यावर घरधनीण हातात देईल तो नारळ, बस्स. एकदा एका हेड्यानं त्याच्या पटक्यात नोट खोचली, तर नागोजीनं भर बाजारात पटका सोडून झटकला होता. त्यापायी घरी बायकोची बोलणी खाल्ली ती वेगळी.

भरमा त्याचा धाकटा. डिप्लोमा करून बेळगावातल्या एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर लॅबचा इन्स्ट्रक्टर म्हणून चिकटला, त्याला आता बावीस वर्षं झाली. तो प्रोफेसर नव्हे, पण पोरं त्याला सर म्हणतात आणि स्वतःचं मशीन अडलं की प्रोफेसरही म्हणतात. गावातले बैल गेले, ट्रॅक्टर आले, मग पोरांच्या शिक्षणाची खूळं आली आणि गावानं बापाची जागा आपसूक लेकाला दिली. बापासारखाच तोही नारळापलीकडं कुणाकडून काही घ्यायचा नाही. भरमाला याचा अभिमान होता आणि तो लपवायची अक्कल नव्हती. रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून तो दुसऱ्याच्या खरेदीला निघाला की बायको पूर्णिमा म्हणायची, "अवो, घरातल्या मिक्सरकडं बी बघा कवातरी." मिक्सर तीन महिने फळीवर पडून होता.

गेमिंग लॅपटॉपची टूम निघाली तेव्हापासून भरमानं एकच हेका धरला होता. मेमरीच्या वेगाला जादा पैसे घालू नका. सेकंदाला शंभर चित्रं पडत असतील तर फास्ट मेमरीनं एकशे तीन पडतील, फार तर चार, आणि ती तीन-चार मोजायला डोळे कुणाचे आहेत? पैसे जास्त झालेच असतील तर ग्राफिक्स कार्डात घाला. आणि मेमरीची एक पट्टी घेण्यापेक्षा दोन घ्या, पण साध्या घ्या.

हे तो पंगतीवरून पटवायचा. "एका पंगतीत एकच वाढपी हाय, पण पळत वाढतोय. दुसऱ्या पंगतीत दोन वाढपी हाईत, सावकाश वाढायलेत. कुठली पंगत आधी उठंल?" लोक म्हणायचे, दोन वाढप्यांची. "मग पळणाऱ्याला जादा मजुरी कशाला देताय?" एवढ्यावर न थांबता त्यानं लॅबमध्ये दोन सारखी मशीनं शेजारी ठेवली, एकात साध्या पट्ट्या, दुसऱ्यात फास्ट, आणि बारा पोरांना एकच गेम खेळायला लावून विचारलं, फास्ट कुठलं? सहा पोरं चुकली. सातव्यानं बंद असलेल्या तिसऱ्याच मशीनकडं बोट दाखवलं असं भरमा सांगतो, पण ते मात्र त्यानं पदरचं घातलेलं असावं.

तर असा हा माणूस, आणि त्याचा लाडका विद्यार्थी म्हणजे येळ्ळूरचा स्वरूप. लॅबचा तास संपला तरी हा पोरगा घरी जायचा नाही. लॅपटॉपचा तळ कसा उघडायचा, कुठला स्क्रू कुठून निघाला हे कागदावर कसं मांडून ठेवायचं, मेमरीची पट्टी तिरकी धरून कशी बसवायची, सगळं भरमानं त्याचा हात धरून शिकवलं. पुढं स्वरूपनं बेळगावात दुकान घातलं तेव्हा फीत भरमानं कापली, आणि पहिल्या वर्षाची निम्मी गिऱ्हाइकं त्यानंच नेऊन बसवली. दारात भरमाची चप्पल दिसली की स्वरूप काउंटरमागून उठायचा. "बर्री सर, कूडरी," या, बसा, असं कानडीत म्हणून स्वतःची खुर्ची पुढं सारायचा, मग मराठीत चहा सांगायचा.

आणि इथं भरमानं बापाचा धडा अर्धाच गिरवला. दुसऱ्या कुठल्या दुकानात गेला तर तो मशीन चालू करून सगळं तपासायचा, मेमरी किती, पट्ट्या किती, वेग किती. स्वरूपच्या दुकानात त्यानं कधी तपासलं नाही. किंमत ठरायच्या वेळेलाही तो उठून बाहेर जायचा. गिऱ्हाइकाला आपली भीड नको आणि स्वरूपला आपला दाब नको, असा त्याचा सभ्यपणा. आपण हात धरून शिकवलेल्या पोराचा माल गिऱ्हाइकादेखत तपासायचा म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकण्यासारखं, असं त्याला वाटायचं. नागोजीनं सख्ख्या भावाच्या बैलाचेही दात बघितले असते.

यंदा मेमरीचे भाव भडकले आणि त्याच सुमाराला निपाणीहून आक्काचा फोन आला. आक्का म्हणजे थोरली बहीण नागुबाई. नवरा तंबाखूच्या वखारीत, आणि घरात पिठाची गिरण, ती नागुबाई चालवते. तिची रचना रोज बसनं कोल्हापूरला जाऊन अॅनिमेशन शिकते. अवजड सॉफ्टवेअरसाठी तिला गेमिंग लॅपटॉप हवा होता. आणि गेमसाठीही, हे आईला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. कोल्हापूर तासाभरावर, तिथं दुकानांना तोटा नाही. पण नागुबाई म्हणाली, "माझा भाऊ बेळगावात असताना मी कोल्हापुरात का घेऊ?"

मायलेकी आल्या त्या दिवशी भरमा परीक्षेच्या ड्युटीत अडकला. त्यानं स्वरूपला फोन लावला. "आक्का येतीया. साधी मेमरी दे, पण पट्ट्या दोन घाल. फास्टबिस्टच्या भानगडीत पडू नको."

"सर, तुमी निवांत ऱ्हावा," स्वरूप म्हणाला.

भरमा निवांत राहिला. आठवड्यानं रचनानं मोबाईलवर एक फोटो धाडला. तिनं मशीनची माहिती उघडून तिचा फोटो काढला होता. वेग साधाच, आणि दोन खाचांपैकी भरलेली एक. खाली लिहिलं होतं, 'मामा, गेम अडकत अडकत चालतोय. फास्ट मेमरीचे सात हजार दिलेत, मग हे असं का दिसतंय?'

भरमानं तिथल्या तिथं फोन केला. "कसले सात हजार?"

"ते फास्टचे. तुमीच सांगितलासा म्हणं दुकानवाल्याला, फास्टच द्या म्हणून."

"मी सांगितलं?"

"तसं म्हणाले ते. आई म्हणाली, मामा म्हणत असंल तर दे." रचना थोडी घुटमळली. "मामा, काय चुकलं का?"

काही नाही, बघतो, म्हणून त्यानं फोन ठेवला. कॉलेजातून तो तडक दुकानात गेला. गिऱ्हाईक उठेपर्यंत उभा राहिला, पुढं सारलेल्या खुर्चीवर बसला नाही, आणि मोबाईल स्वरूपसमोर धरला.

स्वरूपनं फोटो बघितला. तोंड चुकवायचा त्यानं प्रयत्न केला नाही, एवढं त्याच्या बाजूनं म्हणायला हवं. आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि म्हणाला, "सर, तुमच्याफुडं खोटं बोलत न्हाय. मशीन कंपनीतनं आलं तसंच दिलंय. आत हात बी लावला न्हाय."

"आणि सात हजार?"

"ते..." स्वरूप टेबलाकडं बघत बोलू लागला. "सर, दुकान घातल्यापास्नं लोकं हितं बसली की आधी इचारतात, सरांचा वाटा धरून सांगितलास का भाव? तुमी भायेर गेलासा की लगेच. पहिल्यांदा मी न्हाय म्हणलो. तुमच्याच गावच्या एकाला हात जोडून सांगितलं, सर रुपाया घेत न्हाईत. तो हसला. म्हणाला, लई शाणा हाईस, गुरूला झाकतोस. असं दहा जणांनी केलं. मग मी न्हाय म्हणायचं सोडलं."

"आणि घ्यायचं धरलंस."

"आकडा कशावरतरी टाकाय लागतोय की, सर. स्क्रीन दिसती, कीबोर्ड दिसतोय. मेमरी फास्ट हाय का साधी, कुणाला दिसतंय? आणि तुमी गावभर सांगत फिरता, फास्ट मेमरी घेऊ नका. मग मी म्हणलो, सरांनी तुमाला फास्ट द्या म्हणून सांगितलंय, की लोकं समजायची. हां, हे सरांचं. गुमान द्यायची."

भरमाला हे नीट कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्याचे कान तापले. म्हणजे तो पंगतीचा दाखला देऊन, बारा पोरं बसवून जे नको नको म्हणून सांगत होता, त्याच गोष्टीच्या नावानं लोक त्याचा वाटा मोजून देत होते. तो जितका मोठ्यानं सांगेल, तितकं स्वरूपचं काम सोपं होत होतं.

"किती वरसं?"

"चार."

"माझ्या नावानं चार वरसं खाल्लंस. मला कळू बी दिलं न्हाईस."

"तुमाला निम्मं द्यावं असं लई येळा मनात आलतं, सर," स्वरूप म्हणाला, आणि वाईट हे, की मनापासून म्हणाला. "पण तुमी घेतलं नसतासा."

भरमाला त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली. ज्या बोटांना पट्टी धरायला शिकवलं ती बोटं टेबलावर दिसत होती, नखं स्वच्छ कापलेली, जशी त्यानंच कापायला लावली होती. त्यानं मारलं नाही. "आक्काचे सात हजार काढ. आणि आठ जीबीच्या दोन साध्या पट्ट्या दे," एवढंच म्हणाला. स्वरूपनं दोन्ही गोष्टी पुढं ठेवल्या आणि पाया पडायला वाकला. भरमा तोवर दाराबाहेर गेला होता.

स्वरूप खोटं बोलत असेल, लोकांवर ढकलत असेल, ही एक आशा त्याला घरापर्यंत पुरली असती. पण वाटेत दूध घालून परतणारा आण्णाप्पा भेटला. भरमाच्या शेतालगतच त्याचं शेत. दोन वर्षांमागं त्याच्या पोराला भरमानंच लॅपटॉप घेऊन दिला होता. भरमानं गाडी थांबवून सरळ विचारलं, "आण्णाप्पा, पोराच्या मशीनला फास्ट मेमरीचं पैसं दिलतास?"

"दिलतो की." आण्णाप्पानं किटली खाली ठेवली. "का रं, कमी पडलं?"

"ते मला मिळतंय असं वाटलं तुला?"

"मग कुणाला?" आण्णाप्पा हसला, त्यात कुचकेपणा नव्हता. "अरं, आमी कवा तोंड वर करून बोललोय का? तुझा रविवार मोडतोय, पेट्रोल जळतंय. नारळावर कुणाचं भागतंय ह्या दिवसात?"

भरमा घरी आला तो जेवलाच नाही. पूर्णिमानं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा त्यानं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला बायका म्हणायच्या, तुजं बरं हाय बाई, सरांची वरकमाई हाय. मला वाटलं, शिकवणीचं म्हणत्यात." म्हणजे घरापर्यंत आलं होतं आणि त्याला पत्ता नव्हता. स्वरूपनं फसवलं ते फसवलं, तो चोर ठरला, विषय संपला. पण गावानं काय केलं? चार वर्षं हा माणूस ताठ मानेनं नारळ घेत होता आणि देणारा मनात म्हणत होता, घे बाबा, नारळ बी घे. कुणी भांडलं नाही. एकानंही, भरमा, हे तुला शोभत नाही, असं तोंडावर म्हटलं नाही. म्हटलं असतं तर त्याच दिवशी निकाल लागला असता. त्यांनी त्याला चोर ठरवलं आणि वर मोठ्या मनानं माफही केलं, आणि या माफीनंच तो जास्त पेटला.

रात्रीतून त्यानं ठरवलं, नाव धुऊन काढायचं. आधी आक्का, मग गावातलं एकेक घर, ज्यानं ज्यानं फास्टचे पैसे दिले त्याच्या दारात जाऊन खरं सांगायचं. आक्कापासून सुरुवात करण्यात अडचण काहीच नव्हती. ती त्याच आप्पाची, नागोजीची, लेक होती.

रविवारी सकाळी तो निपाणीला गेला. रचनानं टेबलावर वर्तमानपत्र अंथरून लॅपटॉप पालथा घातला. भरमानं स्क्रू काढून कागदावर मांडले, जुनी पट्टी काढली, नव्या दोन बसवल्या. मशीन चालू केल्यावर दोन्ही खाचा भरलेल्या दिसल्या. रचनानं गेम लावला. गाडी वळणावर अडकायची ती आता सुरळीत वळली. "मामा, लई फरक पडला," ती म्हणाली, आणि त्या क्षणापुरता भरमाला बरं वाटलं.

नागुबाई गिरण बंद करून, पदरानं हात पुसत चहा घेऊन आली. भरमानं सात हजार तिच्यापुढं ठेवले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. स्वरूप काय म्हणाला, आण्णाप्पा काय म्हणाला, काही लपवलं नाही.

"एवढं गुमान परत दिलं व्हय त्यानं?" शेवटी तिनं विचारलं.

"दिलं."

"बरं केलंस." तिनं नोटांना हात लावला नाही. "पण भरमा, मला राग नव्हता बघ. त्यानं फास्टचं नाव काढलं तवाच मी समजलो. तू सगळ्यास्नी नको म्हणतोस आणि मला कसं घे म्हणशील? म्हणलं, असू दे. गिरणीत मी बी दळणामागं मूठभर पीठ ठेवतोच की. दुसऱ्याच्या घशात जाण्यापरास माझ्या भावाला गेलं."

"आक्का, मला गेलंच न्हाय. तेच सांगाय आलोय."

"व्हय. न्हाय गेलं." लहान पोराची समजूत काढावी तसं ती बोलली. "आता परत आणलास न्हवं, मग झालं. कुणाच्या हातनं चूक होत न्हाय?"

"आप्पाची शपथ, आक्का. मी त्यातला रुपाया..."

"आप्पाचं नाव मधी आणू नको," नागुबाई म्हणाली. एवढ्या वेळात तिचा आवाज पहिल्यांदा चढला, आणि लगेच खाली आला. "पोहे करतो. खाऊन जा."

भरमाला तेव्हा कळलं की आपण काय करून बसलो. पैसे न देता आला असता तर निदान शंका राहिली असती. पैसे परत केले म्हणजे घेतले होते, यापलीकडं कुणाला दुसरं काही ऐकू येणार नव्हतं. उद्या गावातल्या प्रत्येक दारात हेच होणार होतं. त्यानं रचनाकडं बघितलं. तिला तरी आतलं कळत होतं, तिनंच तर ते पकडलं होतं. रचना स्क्रीनकडं बघत होती. गेम बंद झालेला होता.

पोहे त्यानं कसेबसे खाल्ले. निघताना नोटा लॅपटॉपखाली सरकवून ठेवल्या आणि चालत बसस्टँडवर आला. बेळगावची गाडी लागलेलीच होती. खिडकीजवळची जागा मिळाली. ड्रायव्हरनं गाडी चालू केली तेवढ्यात रचनाची स्कूटी फलाटाशी येऊन थांबली. उतरून तिनं खिडकीकडं हात वर केला आणि घडी घातलेल्या नोटा त्याच्या हातात कोंबल्या.

"आईनं दिल्यात. म्हणाली, मामाला म्हणावं, ठेव तुला. आमी कुणाला सांगत न्हाय."

"रचना, तुला तरी ठाऊक हाय न्हवं? तू सोताच्या डोळ्यानं बघितलंस."

गाडी हलली. रचना दोन पावलं गाडीबरोबर चालली. मामा दुखावलाय हे तिला दिसत होतं, आणि त्याला बरं वाटेल असं काहीतरी ती शोधत होती.

"मी बी न्हाय सांगणार, मामा," ती म्हणाली.